मिरुएना म्हणजे वाट पाहणारा दिवा

दुसरीच्या वर्गाला दर वर्षी एक गृहपाठ असतो. आपलं नाव कोणी ठेवलं, का ठेवलं, त्याचा अर्थ काय, हे घरी विचारून लिहायचं आणि पालक वर्ग बघायला येतात त्या दिवशी सर्वांसमोर वाचायचं. समुद्रकाठच्या हिमी गावातल्या शाळेत मी हा गृहपाठ एकतीस वर्षं दिला. मूल घरी जाऊन आपल्या जन्माची गोष्ट ऐकतं, याहून चांगला धडा कुठला, असं मी नव्या शिक्षिकांना सांगत असे.

त्या वर्षी वर्गात नात्सुहो होती. तिच्या आजोबांची होडी होती, म्हणून तिच्या नावाचा अर्थ उन्हाळ्यातलं शीड. रुवेसा होती, तिचं नाव जादूच्या एका कादंबरीतून घेतलेलं, अस्वलांशी बोलणाऱ्या चेटकिणीचं. ती कादंबरी गावात दुसऱ्या कोणी वाचली नव्हती, त्यामुळे रुवेसाला कधी त्रास झाला नाही. आणि कुराहाशींची मिरुएना होती.

मिरुएनाची वही मी आधीच तपासली होती. ती पोटात असताना आईला महिनाभर झोपून राहावं लागलं. तेव्हा बाबा रोज संध्याकाळी तिला एक कादंबरी वाचून दाखवत. त्यात बर्फाच्या राज्याच्या वेशीवर दिवा घेऊन उभी राहणारी, वाट चुकलेल्यांना घरी आणणारी मुलगी होती. त्या राज्याच्या भाषेत मिरुएना म्हणजे वाट पाहणारा दिवा. नाव आईनं निवडलं. मुलगी तीन वर्षांची असताना आई घर सोडून गेली. हे वहीत नव्हतं, पण गावाला ठाऊक होतं. मी वहीवर लाल शाईनं फुलाचं चित्र काढलं.

वाचनाच्या दिवशी मिरुएना वाचत वाचत दिव्याच्या वाक्यापर्यंत आली आणि नात्सुहो बसल्या जागेवरून म्हणाली, "पण ती शेवटी दिवा विझवते. माझ्या ताईनं पाचवा भाग वाचलाय. शत्रू आत यावेत म्हणून विझवते आणि तिच्याच गावातली मुलं बर्फात मरतात."

त्या कादंबरीचा पाचवा भाग त्याच महिन्यात आला होता. वर्ग हसला. मागे उभे असलेले पालकही, अशा वेळी हसतात तसं, हळूच हसले. मिरुएनानं वही मिटली.

"हातात घेतलेलं अर्धवट सोडायचं नाही," मी म्हणाले. "पहिल्यापासून वाच बघू."

तिनं पहिल्यापासून वाचलं. दिवा आला तसे सगळे पुन्हा हसले.

नऊ वर्षांनी ती माझ्या घरी आली. मी निवृत्त झाले होते, ती सोळा वर्षांची होती. चहाला तिनं हात लावला नाही.

"बाई, मला नाव बदलायचंय. कौटुंबिक न्यायालयात अर्ज द्यायचाय. पंधरा पूर्ण झाली की आपला आपण देता येतो. नावामुळे त्रास झाला, असं कोणीतरी लिहून द्यायला हवं."

"बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, बघ तुला काय ते. म्हणजे नाहीच."

मी तिथेच बसून लिहिलं. तिनं उभ्यानं वाचलं.

"'काही मुले किरकोळ चेष्टा करीत.' किरकोळ, बाई?"

"मग काय लिहू?"

"तुम्हीच शिकवलंत ना, काय झालं ते आधी लिहायचं, कसं वाटलं ते नंतर. सहावीपर्यंत मी वर्गात शिरले की कोणीतरी दिव्याचं बटण बंद करायचं. मी तुम्हाला येऊन सांगितलं. तुम्ही म्हणालात, नाव सुंदर आहे, हसून सोडून दे. आणि त्या दिवशी मला परत पहिल्यापासून वाचायला लावलंत. ते यात कुठेच नाही."

"तू तेव्हा अर्धवट सोडलं असतंस, तर आयुष्यभर..."

"आयुष्यभर काय?"

मी कागद तिच्या हातून परत घेतला. रविवारी ये म्हणाले.

शनिवारी कुराहाशी आले. माशांच्या वड्यांच्या कारखान्यातून थेट, पांढऱ्या गमबुटांत. आत यायला तयार नव्हते, पायरीवरच बसले.

"ते पत्र देऊ नका, बाई. नाव तिच्या आईनं दिलेलं आहे. दुसरं काही मागे सोडून गेली नाही ती."

"पाचवा भाग वाचलात तुम्ही?"

"नाही. चौथ्यापर्यंत ती चांगलीच आहे."

"त्या दिवशी तुम्हीही हसला होतात, कुराहाशीसान."

"सगळेच हसत होते." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "बापानं एकट्यानं तोंड पाडून उभं राहायचं, तर लोकांना अवघडल्यासारखं झालं असतं. तुम्हालाही."

ते खरं होतं. मला त्या दिवशी तास नीट पार पडायला हवा होता.

त्यांना मी होही म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. रविवारी सकाळी पुन्हा लिहिलं. बटणाचं लिहिलं, 'मी दुर्लक्ष केले' असं लिहिलं, 'मी तिला पुन्हा वाचावयास लावले' असं लिहिलं, आणि खाली नाव घालून शिक्का उठवला. मिरुएनानं ते दोनदा वाचलं, घडी घातली, दप्तरात ठेवलं. मला वाटलं होतं, ती काहीतरी बोलेल. "येते," एवढंच म्हणाली.

अर्ज मंजूर झाल्याचं मला भाजीच्या दुकानात कुराहाशींकडून कळलं. ते मुळे निवडत होते.

"फुसाको झालीय आता ती," ते म्हणाले.

माझ्या वर्गमैत्रिणींत तीन फुसाको होत्या. त्या नावाची मुलगी गावात कोणी चाळीस वर्षांत ऐकली नसेल.

"अर्थ काय धरला तिनं?" सवयीनं माझ्या तोंडून गेलं.

"मीही विचारलं. म्हणाली, कोणी विचारणार नाही असंच नाव हवं होतं." त्यांनी एक मुळा परत ठेवला, दुसरा उचलला. "हाक मारायला जातो, तर जुनंच तोंडात येतं. ती ओ देत नाही. नवं मला म्हणवत नाही, बाई, दुसऱ्याच्या मुलीला बोलावल्यासारखं वाटतं. म्हणून हाक मारायचंच सोडलंय. जेवण तयार झालं की ताटलीवर चमचा वाजवतो. येते ती."