दुसऱ्या पोलादपूरला एक सीट

नऊ

विश्वाचे नियम पुष्कळ असतील. महाड-पोलादपूर मिनीडोअरचा एकच: सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. हैबती बाहेर उभा राहून "एक सीट, पोलादपूर एक सीट" असं ओरडत होता आणि आत नऊ जण एकमेकांच्या घामाशी ओळख करून घेत होते.

दहा

दहावी सीट उज्वलाबाईंची. महाडजवळच्या नाते गावच्या निवृत्त शिक्षिका. लेक साक्षी पोलादपूरला, नववा महिना.

नवरा धम्मपाल गेल्या वर्षी सतरा मार्चला गेला. छातीत दुखतंय, हे तो आठवडाभर सांगत होता. पण वीस मार्चला चवदार तळ्यावर माणसं येणार आणि पाणीवाटपाचा स्टॉल याच्याकडे. "वीस मार्च होऊ दे, मग बघू." बाईंनी दोनदा सांगितलं आणि गप्प बसल्या. चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेत बसवणारी बाई, पण एका नवऱ्याला ओढून दवाखान्यात नेणं काही जमलं नाही. तेरा महिने हे मनातून जात नव्हतं. परत मिळाला तर मानगूट धरून नेईन, असं त्या रोज भांडी घासताना ठरवत. ठरवायला काय जातंय?

विज्ञान

विज्ञान एवढंच, की पोलादपूरच्या अलीकडे पाटी होती: "काम चालू. रस्ता वळवला आहे." कुठे वळवला आहे ते लिहिलेलं नव्हतं, आपल्याकडे लिहीत नाहीत. हैबतीने गाडी वळवली. पाच मिनिटांनी ती बाहेर आली तर पुढे सलग, गुळगुळीत, पूर्ण झालेला महामार्ग.

गाडीतल्या दहाही माना बाहेर वळल्या.

"ह्यो आपला रस्ता नाय," दासगावची शकू मासळीची पाटी सावरत म्हणाली.

"मंग ही आपली दुनया बी नाय," हैबती म्हणाला.

शास्त्रज्ञ शंभर वर्षं ज्यावर डोकं फोडताहेत, ते सिद्ध झालं. चहाही लागला नाही.

अजूनही दहा

या दुसऱ्या पोलादपूरच्या स्टँडवर हैबतीने ताकीद दिली. "पाच मिंटं. परतीला धा सीट पायजेत. एक जरी कमी पडली, तर बसा सगली हितंच, गुळगुळीत रस्त्यावर."

बाई उतरल्या आणि समोरच्या फलकावर स्वतःला भेटल्या. "कालकथित उज्वलाताई, प्रथम स्मृतिदिन." फोटो आधारकार्डावरचा. विश्व बदलतं, आधारचा फोटो बदलत नाही. खाली सत्तावीस दुःखी कार्यकर्ते, सगळे गॉगल लावून.

फलकाची सुटलेली दोरी बांधत एक माणूस उभा होता.

"अहो."

धम्मपालच्या हातून दोरी सुटली. कालकथित उज्वलाताई एका कोपऱ्यातून खाली लोंबल्या.

"तू… बरी झालीस गो?"

इतका मूर्ख प्रश्न त्यांचाच नवरा विचारू शकतो.

"मी गेलेच नव्हते. तुम्ही गेलात."

"मी? कशानं?"

"छातीनं. आणि वीस मार्चनं."

तो कट्ट्यावर बसला. "हितं तू गेलीस. स्टॉल तुज्याकडं व्हता. होऊ द्या वीस मार्च, म्हनालीस. मी गप बसलो. वडत न्यायला पायजे व्हती गो तुला. चुकला माजा."

एकतीस वर्षांत त्यांच्या धम्मपालने 'चुकलं' हा शब्द फक्त पेपरातलं शब्दकोडं सोडवताना वापरला होता. क्षणभर बाईंना माल डुप्लिकेट वाटला. मग त्यांचाच आवाज फुटला.

"माझंही चुकलं."

दोन्ही माफ्या पत्ता चुकलेल्या कुरियरसारख्या शेजारच्या घरी पोचल्या. दोघांनी त्या सही करून घेतल्या.

अकरा

हैबतीने हॉर्न दिला. बाईंनी धम्मपालचं मनगट धरलं.

"चला."

"कुठं?"

"घरी. नात्याला."

"बसा दादा!" हैबती खूश. "तिघांच्या बाकावर चौथी सीट करू. सरका रे, मेलेल्या मानसाला जागा द्या!"

"मेल्याला वजन काय आसनार?" शकू म्हणाली. "बसवा माज्या पाटीवर."

धम्मपालने एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवला. मग बाजाराच्या दिशेला पाहिलं.

"साक्षीला सांगून येतो. नववा महिना हाय तिचा. माज्याबिगर हाय कोन तिला?"

हॉर्न.

तीच साक्षी. म्हणजे ती नाही, पण तीच. आई फलकावर लोंबते आहे आणि बाप गाडीत चढतो आहे. बाईंना अडवणारं कोणी नव्हतं. असल्या चोरीची तक्रार नोंदवायला दोन्ही पोलादपुरांत चौकी नाही. मनगटावर वळ उठेल इतकी त्यांची बोटं आवळली होती.

"वडशील तर येतो," धम्मपाल हळू म्हणाला. "या टायमाला तू वड."

ओढायला आता एक झटका पुरे होता.

दहा

बाईंनी बोटं सोडली. एकेक करून. करंगळी शेवटी.

"पाय काढा," वर्गातल्या आवाजात. "आजच गाडी सांगून ठेवा. सोनोग्राफीची फाईल पिशवीत भरा. कळा आल्या की निघायचं. ती म्हणेल बरं वाटतंय, ऐकायचं नाही."

"व्हय."

"आणि तुमची छाती दाखवा. उद्या."

"व्हय."

त्यांचा धम्मपाल एवढ्यात दोनदा भांडला असता. बाईंना रागच आला.

"बाय, बसा लवकर!" शकू ओरडली. "मासळी दोनी दुनयेत नासतंय!"

बाई त्याच्या पायाला वळसा घालून आत चढल्या. पाय अजून पायरीवरच होता. तो बघून त्या आपल्या जागी बसल्या. हैबतीने क्लच सोडला, गाडी हलली, तेव्हा धम्मपालने पाय काढला.