कडक स्प्रिंगचा चाकू

जेरोचा जुना चाकू बर्फात पडला तो पडलाच. फेब्रुवारीत गोठ्याकडून येताना म्हाताऱ्याला झटका आला, उजवी बाजू गेली आणि हातातला चाकू कुठे उडाला कुणास ठाऊक. बर्फ वितळल्यावर त्याच्या मुलीनं, मेलानीनं, ती अख्खी वाट गुडघ्यांवर बसून चाचपली. घोड्याचा एक नाल मिळाला, कुणाचं तरी बटण मिळालं, चाकू काही मिळाला नाही.

आणि फ्रान्समधल्या ओब्राकच्या पठारावर घरधन्याचा चाकू म्हणजे काय साधी गोष्ट! घरधनी मोठ्या टेबलाच्या टोकाशी बसतो, खिशातून चाकू काढून उघडतो, पावाच्या पाठीवर टोकानं क्रूस काढतो, तेव्हा कुठे बाकीचे आपापल्या चाकूंना हात घालतात. तोवर सूप समोर वाफाळत असलं तरी चमचा उचलायचा नाही. आणि त्यानं चाकू मिटून ताटाशेजारी ठेवला की जेवण संपलं. तोंडात घास असला तर गिळायचा आणि उठायचं. जेरो तर भराभर जेवणारा. नवे गडी त्याच्या टेबलावरून अर्धपोटी उठायचे. एका वर्षी एक गडी चीज उरलं म्हणून बसून राहिला, तर वीस वर्षं झाली, लोक अजून त्याला ‘बसलेला’ म्हणूनच ओळखतात.

फेब्रुवारीपासून मोठं टेबल रिकामंच होतं. मेलानीची आई कधीच गेलेली, मेलानी एकेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली. घरात दोघंच. जेरो चुलीशेजारी खुर्चीत बसायचा आणि मेलानी त्याला चमच्यानं भरवायची. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात कुणाला आपला कोट धरू दिला नाही, तो मुलीच्या हातून सूप प्यायचा आणि पिताना डोळे मिटून घ्यायचा. 

जूनअखेर म्हाताऱ्याच्या उजव्या हाताची बोटं जरा जरा मिटायला लागली. डॉक्टर म्हणाला, छान आहे. तेवढं ऐकलं आणि जेरोनं अर्ध्या जिभेनं जाहीर केलं, “गवताला मी बसणार.”

“कुठे बसणार, बाबा?”

“माझ्या जागी.” आणि लगेच, “चाकू आण.”

जुलैत गवत कापायला शेजारचे अकरा जण यायचे आणि दुपारी इथेच जेवायचे. त्या अकरांसमोर बाप टेबलाच्या टोकाला बसला तर तो अजून घरधनी. नाही बसला तर लोक त्याच्याबद्दल ‘होता’ असं बोलायला लागतील, तो जिवंत असताना. मेलानीला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शनिवारी ती जनावरांच्या बाजाराला गेली. अंड्यांचे साठवलेले हजार फ्रँक रुमालात बांधलेले. हजारात गाय येत नाही, पण बरा चाकू यायला हवा, असा तिचा हिशेब. चाकूवाला काल्मेल नेहमीच्या कोपऱ्यात फळीवर माल मांडून बसला होता.

“या मेलानीबाई. कुणाला हवाय?”

“बाबांना.”

“कसे आहेत हो आता?”

“बरे आहेत,” ती म्हणाली, अशी की पुढचं विचारायची सोय राहू नये. बापाची कुणी कीव केलेली तिला खपत नसे. हा गुण बापाकडूनच आलेला.

मग तिनं चाकू बघायला घेतले. मुलगा नव्हता म्हणून जेरोनं जे शिकवायचं ते सगळं हिलाच शिकवलेलं. चाकू मिटून आभाळाकडे धरायचा, पातं मुठीच्या बरोबर मध्ये बसलंय का बघायचं. एका बाजूला घासत असेल तर खाली ठेवायचा. उघडून पातं डावीउजवीकडे हलवायचं. ज्या खिळ्यावर ते फिरतं त्याच्याशी जरा जरी डुगडुगलं तरी खाली ठेवायचा. पाठीवरून नख फिरवायचं, पातं आणि स्प्रिंग जिथे भेटतात तिथे नख अडकता कामा नये. आणि शेवटी कानाशी धरून उघडायचा. ट्टक. आवाज एकच आला पाहिजे, आणि स्वच्छ.

स्वस्तातले सगळे डुगडुगत होते. एक चकचकीत होता, आरशासारखा. “तो पॅरिसवाल्यांसाठी,” काल्मेल म्हणाला, “गंजत नाही आणि कापतही नाही.” एक मात्र असा देखणा की खाली ठेववेना, पण त्याला दोन हजार पडत होते. तिनं तो दोनदा ठेवला आणि दोनदा उचलला.

तेव्हा काल्मेलनं खोक्यातून एक लाकडी मुठीचा साधा चाकू काढला. मालाकडेच बघत, तिच्याकडे न बघता म्हणाला, “हा घ्या की. पोलाद उत्तम. यात स्प्रिंगच नाही, त्यामुळे जोर लागत नाही. आणि अडलाच तर मुठीचं बूड टेबलावर आपटायचं, पातं आपसूक डोकं वर काढतं. एका हाताचं काम. सव्वाशे फ्रँक.”

तो असं का म्हणतोय ते तिला लख्ख कळलं, आणि कळलं म्हणूनच ती भडकली.

“गुराख्यांचा चाकू माझ्या बापाला?”

“अहो, चाकू वाईट नाही...”

“वाईट कोण म्हणतंय? पण अकरा माणसांसमोर तो टेबलावर आपटायचा? ठोक ठोक करत? आणि त्यांनी ते बघत बसायचं?”

“बरं बाई, राहिलं.” काल्मेलनं लाकडी चाकू परत खोक्यात टाकला. मग जरा विचार करून फळीखालून एक पुडकं काढलं. आत काळ्या शिंगाच्या मुठीचा चाकू. “हा बघा. हाही दोन हजारांचाच माल. पण स्प्रिंग कडक बसलीय, दोन गिऱ्हाइकांनी परत आणला. तुम्हाला बाराशेला देतो. वापरून सैल होईल, वर्ष-दोन वर्षांत.”

तिनं आभाळाकडे धरला. बरोबर मध्ये. हलवला, जागचा हलेना. नख फिरवलं, काही लागेना. पात्यावरच्या खाचेत नख घालून उघडला. ट्टक. असा आवाज तिनं फक्त बापाच्या जुन्या चाकूचा ऐकला होता.

“कडक कुठाय? मला तर नाही वाटला.”

“तुमचे हात, बाई...” काल्मेल म्हणाला. नवव्या वर्षापासून सकाळ-संध्याकाळ गाई पिळणारे हात होते ते. हजार फ्रँक आणि दोन कोंबड्यांवर सौदा झाला.

आता कुणी म्हणेल, एवढी शहाणी बाई, हिला कळू नये? अहो, सगळं तपासलं तिनं. पातं, खिळा, पाठ, आवाज. फक्त तपासलं ते दोन धडधाकट हातांनी.

घरी आल्यावर तिनं चाकू बापाच्या कानाशी नेऊन उघडला. ट्टक. जेरोचं अर्धं तोंड हसलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. तिला इतका आनंद झाला की तिनं चाकू मिटून त्याच्या मांडीवर ठेवला आणि उगाच चुलीतली लाकडं सारखी करत बसली.

“बघा ना उघडून,” थोड्या वेळानं ती म्हणाली.

“टेबलाशी.”

“एकदाच, बाबा. माझ्यासमोर. हाताला सवय नको का?”

“टेबलाशी म्हटलं ना!”

मग त्यानं डावा हात बंडीच्या खिशात घातला आणि चाचपायला लागला. चाकू फुकट घेतला तर तो नातं कापतो, हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. देणाऱ्याच्या हातावर एक तरी नाणं टेकवावंच लागतं. खिसा उजवीकडे, हात डावा, त्यामुळे नाणं सापडायला फार वेळ लागला. मेलानी शेजारी उभी राहिली आणि तिनं मदत केली नाही. शेवटी पाच फ्रँकांचं हलकं नाणं तिच्या तळहातावर आलं. तिनं ते ॲप्रनच्या खिशात टाकलं.

पुढचे चार दिवस ती बापाच्या खोलीच्या दाराआडून कान देऊन होती. त्या खोलीतून ‘ट्टक’ काही येईना. एकदा काहीतरी फरशीवर पडल्याचा आवाज आला आणि मागोमाग एक शिवी.  पहाटे तेलाची बाटली घेऊन ती हळूच आत गेली, म्हटलं खिळ्याशी दोन थेंब सोडावेत. तर झोपेतही म्हाताऱ्याच्या डाव्या मुठीत चाकू, आणि मूठ अशी आवळलेली की सोडवता येईना. ती बाटली घेऊन तशीच परत आली.

गवताच्या दिवशी दुपारी अकरा जण आत आले, अंगाला घामाचा आणि ओल्या गवताचा वास. जेरो आधीच टेबलाच्या टोकाशी बसलेला होता. मेलानीनं त्याची दाढी करून दिली होती, पांढरा सदरा घालून दिला होता.

“अरे वा, मालक!” सगळ्यात बोलका शेजारी लेओन्स ओरडला. “मेलानी, आज आम्हाला पोटभर मिळणार नाही म्हणजे! हे लगेच चाकू मिटणार!”

सगळे हसले. जेरोही हसला. कोबीचं सूप वाढलं होतं, राईचा पाव त्याच्यासमोर होता, चुलीवर बटाटा आणि चीज घोटून केलेला आलिगो तयार होता. मेलानी चुलीपाशी पळी घेऊन उभी राहिली. इथं बायका वाढताना उभ्याच असतात.

जेरोनं चाकू काढला. उजवा हात टेबलावर ठेवला, त्या बोटांत मूठ बसवली. डाव्या अंगठ्याचं नख खाचेत घातलं आणि ओढलं. चाकूच बोटांतून सुटला आणि पावाशेजारी जाऊन पडला.

 त्यानं तो परत बोटांत बसवला. पुन्हा ओढलं. पातं केसभर उचललं आणि स्प्रिंगनं मागे खेचून घेतलं. पुन्हा. पुन्हा. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या.

“यंदा गवत बरंय,” लेओन्स म्हणाला.

“बरंय,” कुणीतरी म्हणालं.

“खालच्या अंगाला जरा ओल आहे.”

“आहे.”

मग तेही बोलणं संपलं. सुपावरची वाफ गेली. मेलानीला वाटलं, दोन पावलं, फक्त दोन पावलं टाकायची आणि एका झटक्यात तो उघडून द्यायचा. पण ती दोन पावलं टाकली असती तर त्या क्षणी तिच्या बापाचं सगळं संपलं असतं. आणि टाकली नाहीत तर हे असं. ती जागची हलली नाही. देवा, एकदा उघडू दे, ती मनात म्हणत होती, एकदाच, आणि त्याच वेळी त्या काल्मेलचा लाकडी चाकू तिच्या डोळ्यांसमोर येत होता. ठोक ठोक. केवढासा आवाज झाला असता!

जेरोनं चाकू तोंडाशी नेला आणि दातांनी पातं धरून पाहिलं. दात घसरले. हनुवटीवरून लाळ ओघळली. अकरा माणसं आपापल्या ताटात बघत होती.

मग त्यानं डाव्या बाहीनं तोंड पुसलं. चाकूकडे जरा वेळ पाहिलं. आणि तो ताटाशेजारी ठेवला. मिटलेला.

आधी कुणाच्याच लक्षात येईना काय करायचं. मग लेओन्सनं खुर्ची मागे सरकवली आणि उभा राहिला. सकाळी पाचपासून राबलेला माणूस, पोटात अन्नाचा कण नाही. टोपी हातात घेऊन तो म्हणाला, “झकास झालं जेवण, मालक.”

“झकास झालं, मालक,” दुसरा उठला. मग तिसरा. अकराच्या अकरा जण भरलेल्या ताटांवरून उठले, एकेक करून मालकाला मान तुकवून बाहेर गेले. एकानंही पावाचा तुकडा उचलला नाही. ते बघून मेलानीला रडू आवरेना, आणि बापासमोर रडायचं नाही म्हणून ती पळीनं आलिगो उगाच ढवळत राहिली.

“मेलानी.”

ती आली.

“उघड.”

“बाबा, राहू द्या ना आता.”

“उघड.”

तिनं उघडला. ट्टक. स्वच्छ, एकच आवाज. तो तिच्या हातांकडे बघत होता.

“चांगला निवडलास,” जेरो म्हणाला. जीभ जड होती तरी शब्द नीट आले.

“चुकलंच माझं. मी बदलून आणते. काल्मेलकडे दुसरा आहे, लाकडी...”

“नको.” त्यानं डाव्या हातानं तिचा हात चाकूसकट मागे ढकलला. “तुझा.”

“मला नकोय, बाबा. मला नकोय हो तो!”

त्यानं ऐकलंच नाही. डावा तळहात उताणा करून टेबलावर ठेवला. “नाणं.”

ती नुसती मान हलवत राहिली. तो तसाच हात पसरून बसला. थांबणं त्याला आता जमत होतं. बाहेर उन्हात अकरा माणसं उपाशी होती, आत हा हात होता, आणि फुकट तर घेता येत नव्हतं. शेवटी तिनं ॲप्रनच्या खिशातून तेच पाच फ्रँकांचं नाणं काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. बोटं लगेच मिटली. डाव्या हाताची ना ती, नीट मिटली.

“जा आता,” तो म्हणाला. “माणसं उपाशी आहेत.”

तिनं चाकू मिटून खिशात टाकला. सूप गरम केलं, आलिगोचं पातेलं फडक्यात बांधलं, पाव काखेत मारला आणि सगळं घेऊन ती वर कुरणात गेली. माणसं झाडाखाली बसली होती. तिनं सगळं मधोमध ठेवलं, वाढलं. कुणी हात लावेना. लेओन्सनं पावाकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, मग तिच्या ॲप्रनच्या खिशातून डोकावणाऱ्या काळ्या मुठीकडे पाहिलं आणि हळूच टोपी काढली.

“बस, मेलानी,” तो म्हणाला. “तू बसल्याशिवाय कसं जेवणार?”

ती बसली. तिनं चाकू काढला. नख खाचेत घातलं. अंगठ्याला काही म्हणजे काही त्रास झाला नाही. पातं लोण्यातून निघावं तसं निघालं, ट्टक झालं आणि भोवती अकरा चाकू उघडले. पावावर क्रूस काढताना तिला पाव दिसत नव्हता.