नेत्रमाईचे किडे

अजमानच्या त्या फ्लॅटबाहेर चपलांचे तीस-चाळीस जोड पडले होते. आत बायकांची गर्दी आणि डोळ्यांत झोंबणारा धूर. छतावरच्या स्मोक डिटेक्टरला शॉवर कॅप घातली होती. देवीचं काम असलं तरी वॉचमनचा धाक होताच.

"पडली, कीड पडली!" कुणीतरी ओरडलं. नेत्रमाईने थाळी सगळ्यांसमोर फिरवली. पाण्यात पांढरे, वळलेले किडे तरंगत होते.

"ही मोबाइलची कीड, ही एसीची," माई म्हणाली. "आणि ही जाडी आहे ना, ती नजर लागल्याची. डॉक्टरच्या मशिनमध्ये ही दिसायची नाही!"

माझ्या शेजारी नर्मदाकाकू हात जोडून बसल्या होत्या. मी दुबईच्या करामा भागातल्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. गेल्या वर्षी काकूंची सून ड्रायव्हिंग लायसन्सच्या आय टेस्टसाठी आली, तेव्हा सोबत आलेल्या काकूंनाही मी सहज मशिनपुढे बसवलं. डोळ्यांचा दाब भलताच वाढला होता. डॉक्टरांनी काचबिंदू सांगून थेंब सुरू केले. माईने ते चार महिन्यांपूर्वी बंद करायला लावले, हे मला आज येताना गाडीत कळलं.

"अगं मृणालिनी, थेंबांनी काही फरकच पडत नव्हता," काकू कुजबुजल्या. "इथे बघ, डोळे कसे हलके होतात."

धुरात एवढं पाणी वाहिल्यावर होणारच. भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. आठवड्याचे सहा दिवस मी हेच तर समजावत असते.

दर पाळीला थाळीत ताजं पाणी यायचं. माईने त्यात तापलेलं लोखंड ठेवलं, त्यावर चिमूटभर बिया टाकल्या आणि वर नरसाळं पालथं घातलं. नळीतून येणाऱ्या धुरावर डोळा धरायचा. माझी पाळी आली तेव्हा मी नळीवर नुसता तळहात धरला.

"डोळा लाव, पोरी."

"नरसाळं तर उचला, माई."

मीच उचललं. थाळीत तितकेच किडे!

"माझ्या तळहाताला कीड लागली म्हणायची," मी म्हटलं. "हे रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी आहे. तापलं की फुटतं आणि आतला पांढरा अंकुर पाण्यात पडतो. डोळा असो वा नसो."

"हिची श्रद्धा नाही. खलास! पुढची या!" माई खेकसली.

दोघी-तिघी उठल्या. बाकीच्या बसून राहिल्या. नेहमीचंच आहे हे. काकू मात्र माझा हात धरून बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे तपासणी झाली. डाव्या डोळ्याची बाजूची नजर बरीच गेली होती.

"आता थेंब घातले की परत दिसेल ना गं?" काकूंनी विचारलं.

"नाही, काकू. गेलेली नजर येत नाही. थेंब उरलेली राखतात. म्हणून तर फरक पडल्यासारखा वाटत नाही."



बायांनो, काचबिंदू बहुधा दुखत नाही, खुपत नाही, सांगून येत नाही. ज्यांना लायसन्स काढायचं नसतं, त्यांना घरातलं कुणी तपासणीला नेत नाही. तेव्हा चाळिशी उलटली की स्वतःच उठून जा, डोळ्यांचा दाब मोजून घ्या. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब थांबवू नका. काकूंना हे सांगायला मी चार महिने उशिरा पोचले.