लंकाबाईची निशाणी, रेडिओ

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. ‘जुना’ हा शब्द मी नाइलाजाने वापरतो. माझ्या पाठीचं झाकण केव्हाच हरवलं आणि पोटातले सेल रबराने बांधून ठेवावे लागतात, त्यामुळे ‘नवा’ म्हटलं तर तुम्ही हसाल. पण एक विचारतो, तुमच्यापैकी कितीजणांनी निवडणूक लढवली आहे? मी लढवली आहे! थापा मारत नाही, ऐकाच.

नाशिकच्या मेन रोडवरच्या एका दुकानात मी काचेआड बसलो होतो. तिथून गोरक्षने मला उचललं आणि एसटीत मांडीवर बसवून घोटीजवळच्या आपल्या गावी आणलं. शाळेसमोर त्याचं चहाचं हॉटेल होतं. भज्यांच्या परातीवरच्या फळीवर त्याने मला बसवलं. तेलाच्या वाफेने माझं अंग कायम चिकट असायचं, पण मान असा होता की विचारू नका. रोज संध्याकाळी साडेसातला मी लंडनहून येणाऱ्या हिंदी बातम्या सांगायचो आणि सारं हॉटेल चिडीचूप व्हायचं.

गोरक्षची एक खोड होती. कुठलीही निवडणूक असो, त्याला लहान पक्षाचाच कळवळा. १९९२ साली विलायतेत निवडणूक झाली. तिथे दोन मोठे पक्ष आणि एक धाकटा, तिसरा. शंभरातल्या जवळजवळ अठरा जणांनी धाकट्याला मत दिलं, आणि साडेसहाशे जागांपैकी त्याला मिळाल्या किती? वीस! गोरक्षने कपाळावर हात मारला. “एवढी मतं गेली कुठं रे?”

“तुला लंडनात मत नाय आन् इथं पत नाय. चहा टाक,” मल्हारी म्हणाला. हा मल्हारी म्हणजे भात गिरणीचा मुकादम. गोरक्षला डिवचल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे.

गोरक्ष पेटला. १९९७ साली पंचायत समितीची निवडणूक आली, तेव्हा त्याने स्वतःचीच एक आघाडी काढली. उमेदवार एका गणात, म्हणजे एकाच मतदारसंघात, द्यायचा ठरला होता. पण मामाच्या गावाने म्हटलं, आम्हालाही द्या. मग सासुरवाडी म्हणाली, आम्ही काय घोडं मारलंय? आमच्याकडे सोयऱ्यांना नाही म्हणायची सोय नाही, नाही म्हटलं की माणसं लग्नाला येत नाहीत! शेवटी पाच गणांत पाच उमेदवार झाले आणि पाचही आपटले. डिपॉझिटसुद्धा राहिलं नाही. मल्हारीने आठवडाभर त्याला ‘साहेब’ म्हणून हाक मारली.

दोनच महिन्यांनी, मे महिन्यात, मी विलायतेची पुढची बातमी सांगितली. धाकट्या पक्षाची मतं घटली होती आणि जागा मात्र वाढून शेहेचाळीस झाल्या होत्या. दुपटीहून जास्त! गोरक्ष माझ्याकडे संशयाने बघायला लागला. मला राग आला. मी कधी खोटं बोललो होतो?

उलगडा केला त्याच्या बायकोने, लंकाबाईने. ती तांदूळ निवडत होती. तिने पाच वाट्या मांडल्या आणि मूठभर तांदूळ पाचांत वाटले. “बघा, एक तरी वाटी भरली का? ही तुमची आघाडी.” मग सगळे तांदूळ तिने एका वाटीत ओतले. वाटी काठोकाठ भरली. “त्यांनी औंदा जिथं जोर हाय तिथंच जोर लावला असंल. लहानानं सगळीकडं सांडू नये.”

गोरक्षने ती भरलेली वाटी उचलून पाहिली. मी तर मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या!

आता खरी गोष्ट. गावात एक छोटा सरकारी दवाखाना होता, दोन खाटा आणि उज्वला नावाची नर्स. लंकाबाईची थोरली लेक पायाळू. लेक आणि लंकाबाई दोघी जगल्या, त्या या उज्वलाबाईंमुळे. २००१ साली कुणकुण लागली की दवाखाना इथून उचलून लांब नेणार. “पोरी काय एसटीत बाळंत होतील?” लंकाबाई ज्याला त्याला विचारायची. दोन्ही मोठ्या पक्षांची माणसं “बघू” म्हणायची आणि चहा पिऊन जायची.

त्याच वर्षी जूनमध्ये एका संध्याकाळी मी सांगितलं, विलायतेत एक निवृत्त डॉक्टर आपल्या गावचा दवाखाना वाचवायला उभा राहिला. मागे एक चिमुकला पक्ष, मागणी एकच. आणि मोठ्यांना मागे टाकून निवडून आला.

लंकाबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. “अहो, परत लावा ना ते!”

“अगं, रेडिओ हाय तो, मागं जात नाय,” गोरक्ष म्हणाला.

“मग मीच पुढं जाते,” ती म्हणाली.

पुढच्या वर्षी पंचायत समितीच्या निवडणुकीत आमचा गण बायकांसाठी राखीव झाला आणि लंकाबाई उभी राहिली. तेवढ्या एकाच गणात. सासुरवाडी, मामा, सगळे रुसले. “रुसू द्या, लग्नाला मी मनवीन,” ती म्हणाली. निशाणीची यादी समोर आली तेव्हा तिने क्षणभरही विचार न करता बोट ठेवलं. रेडिओ! मित्रांनो, माझं चित्र भिंतीभिंतीवर लागलं. चित्रात मला झाकणही होतं.

ती मला काखेत मारून पाड्यापाड्यांवर हिंडली. एकदा भर सभेत माझे सेल संपले. बायका फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लंकाबाईने माझ्या पाठीत थाप मारली आणि म्हणाली, “निशाणी झोपली, पर मी जागी हाय!” त्या दिवशी सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या.

मतदान समोरच्या शाळेत होतं. सकाळीच मल्हारीने पोलिसाला आणलं. “शंभर मीटरच्या आत निशाणी नको. तो बघा, फळीवर बसलाय!” पोलीस हसू दाबत म्हणाला, “उमेदवाराला हलवा.” गोरक्षने मला घाईघाईने भाताच्या कणगीत पुरलं. दिवसभर मी अंधारात देवाचा धावा केला.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. लंकाबाई एकेचाळीस मतांनी निवडून आली! ढोल वाजले, गुलाल उधळला, आणि मला काढायचं सगळेच विसरले. अकरा दिवस! मला रडू आलं, खरंच सांगतो. बाहेर काढलं तेव्हा घशात इतका कोंडा गेला होता की नुसती खरखर उरली होती. माझी रवानगी माळ्यावर झाली.

पण कान शाबूत होते. दोन्ही मोठ्या पक्षांची संख्या सारखी झाली आणि सभापती कोण, ते लंकाबाईच्या एका हातावर आलं. दोघांच्याही गाड्या हॉटेलसमोर लागल्या. ती दोघांनाही एकच म्हणाली, “दवाखाना हलणार नाय असं जो लिहून देईल, त्याच्या बाजूनं हात.” तसं लिहून आलं. दवाखाना राहिला. मी माळ्यावर धूळ खात होतो, पण आनंदाने.

तीन वर्षं गेली. २००५ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी मल्हारी पेढे घेऊन धावत आला. त्याच्या अडलेल्या सुनेची सुटका उज्वलाबाईंनी केली होती, त्याच दवाखान्यात. त्याने लंकाबाईच्या हातात पेढा ठेवला. मग इकडेतिकडे बघत म्हणाला, “वहिनी, ती निशाणी कुठं हाय?”

त्यानेच मला माळ्यावरून उतरवलं. कोंबडीच्या पिसाने कोंड्याचा कण न् कण काढला. नवे सेल घातले आणि मला दवाखान्याच्या ओट्यावर नेऊन बसवलं. साडेसात वाजले होते. मी खाकरलो, आणि बोललो. विलायतेतला तो डॉक्टर पुन्हा निवडून आला होता!

“बेटा लय चिवट,” मल्हारी म्हणाला.

म्हणून सांगतो मित्रांनो, घरातल्या जुन्या रेडिओचे संपलेले सेल काढून ठेवा, त्याला कणगीत विसरू नका, आणि लहान पक्ष दिसला की लगेच हसू नका. मी पुढची बातमी सांगणार होतो, एवढ्यात आत मल्हारीची नात रडायला लागली. लंकाबाईने माझा आवाज बारीक केला. “थांब बाबा,” ती म्हणाली, “आता तिला बोलू दे.”