एवेलिओची दहा वाक्यं

दर गुरुवारी चार वाजता तेओदोराबाईंच्या स्वयंपाकघरात इंग्रजीचा वर्ग भरायचा, आणि गेले तीन महिने चार वाजायच्या सुमारास खिडकीजवळची खुर्ची ओली व्हायची. पाणी खारं असायचं. बाईंनी पहिल्याच दिवशी बोटानं चाखून पाहिलं होतं. तेव्हापासून पोरं यायच्या आत त्या खुर्ची पुसायच्या, फडकं मागच्या दारी वाळत घालायच्या आणि कुणापाशी चकार शब्द काढायच्या नाहीत. खुर्ची एवेलिओची. शेवंडं पकडणाऱ्या बोटीवर गेलेला एवेलिओ पाठीला हवेची टाकी बांधून खाली उतरला आणि वर आलाच नाही.

बाई वीस वर्षं न्यूयॉर्कला म्हाताऱ्यांची उठबस करून आलेल्या, त्यामुळे इंग्रजी खणखणीत. सान रोके गावातल्या पोरापोरींना पर्यटकांच्या जहाजावर नोकरी हवी असते, आणि ला सेइबा शहरातला एजंट बाईंच्या चिठ्ठीशिवाय कुणाला मुलाखतीला उभं करत नाही. बाईंची शिस्त अशी, की बोलण्यात सतत येणारं एक क्रियापद घ्यायचं आणि त्यावर दहा वाक्यं लिहायची. दहाही बिनचूक हवीत आणि दहाही खरी हवीत, स्वतःच्या आयुष्यातली. 'टेबल लाल आहे' छापाचं वाक्य दिसलं की त्या पान टराटरा फाडायच्या. खोटं वाक्य ऐन वेळी घशात अडकतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी चिठ्ठी दिलेला एकही विद्यार्थी आजवर मुलाखतीत पडला नव्हता, आणि त्याचा त्यांना ताठा होता. मला विचाराल तर जरा जास्तच होता.

त्या गुरुवारी पहिली आली ती एवेलिओची धाकटी बहीण, नीदिया. आत न येता उंबऱ्यातच उभी राहिली.

"बाई, आईनं पाठवलंय. एवेलिओ तिच्या स्वप्नात येतो."

"मेलेली माणसं येतात गं. अंघोळ मागत असेल."

"तेच वाटलं आम्हाला. रविवारी अंगणात खड्डा खणला, त्याच्या नावानं सगळ्यांनी पाण्याच्या बादल्या ओतल्या, कसाव्याच्या कंदाचं पाणी ओतलं, त्याचे नवे कपडे दोरीवर टांगले. मावशी पार त्रुहियोहून आली. तरी सोमवारी तो परत आला. तसाच निथळत. आईनं विचारलं, बाळा, आता काय हवंय? तर म्हणाला, बाईंना विचार, माझी वाक्यं तपासली का?"

बाईंच्या हातातला खडू मोडला.

"त्याची वही तुमच्याकडे आहे ना? शेवटची?"

"हरवली," बाई म्हणाल्या.

नीदियानं त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि जायला वळली. तेवढ्यात सेल्सो शिट्टी वाजवत आला. चौतीस वर्षांचा गडी, दोनदा शिकवणी सोडून तिसऱ्यांदा आलेला.

"काय गं, तूपण जहाजावर निघालीस की काय? बस की. बाई चावत नाहीत, नुसत्या ओरबाडतात."

नीदिया बसली. दुसरी खुर्ची मोकळी असूनही ती नेमकी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. बाईंना तिला उठवायचं होतं, पण काय कारण सांगणार?

"बाई, आज गिव्ह अप घ्या ना," सेल्सो म्हणाला. "एजंट तेच विचारतो म्हणे. तुम्ही तीन महिने टाळताय."

"टाळतेय कशाला? उभा राहा आणि बोल."

सेल्सोनं छाती काढून इंग्रजीत सांगितलं, की मी सिगारेट सोडली.

"व्याकरण बरोबर आहे. वाक्य खोटं आहे. शर्टाला वास येतोय."

सेल्सो खो खो हसला. नीदियाही हसली. आणि त्या हसण्याखालून, खिडकीच्या बाजूनं, बाईंना तिसराच आवाज ऐकू आला. हळू, शब्द जपून ठेवावेत तसा. 'बाबा माडावरून पडले तेव्हा मी शाळा सोडली.' हे पहिलं वाक्य. मग दुसरं, की धाकटीनं सोडू नये म्हणून तिची फी मी भरतो. मग तिसरं. पुढचं कोणतं येणार ते बाईंना आधीच कळत होतं, कारण हरवलेली म्हणून सांगितलेली ती वही त्यांना तोंडपाठ होती. नववं वाक्य आलं, 'कानातून रक्त येऊ लागलं म्हणून मार्चमध्ये मी डुबकी मारणं सोडलं.' दहावं यायच्या आत बाई उठल्या आणि वर्ग सुटला म्हणाल्या. सेल्सो कुरकुरत गेला. नीदियाच्या झग्याची मागची बाजू ओलीचिंब होती. तिनं हात लावून पाहिलं, बोट ओठांना लावलं, आणि गेली.

बाईंना आता लपवायला जागाच उरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंकेच्या तळातून वही काढली आणि सबीनाचं घर गाठलं. एवेलिओची आई अंगणात कसावा किसत बसली होती. दोघी एका वयाच्या, लहानपणी एकत्र खेकडे पकडलेल्या.

"सबीना, वही हरवली नव्हती."

"ठाऊक आहे. नीदिया भिजून आली काल. बस."

"मी ती शुक्रवारीच तपासली होती. तो बोटीवर जायच्या आधी."

सबीनाचा हात थांबला नाही. "मला वाचता येत नाही. वाचून दाखव."

बाईंनी एकेक वाक्य आधी इंग्रजीत वाचलं, मग आपल्या भाषेत सांगितलं. बाबांचं, नीदियाच्या फीचं, आईसाठी दारू सोडल्याचं, कानांचं. नऊ वाक्यं, नऊही बिनचूक, प्रत्येकापुढे लाल खूण. दहावं बाईंनी नुसतं इंग्रजीतच वाचलं.

"इफ शी सेज नो अगेन, आय विल गिव्ह अप."

"म्हणजे?"

"या वेळीही बाई नाही म्हणाल्या, तर मी जहाजाचा नाद सोडीन."

"चुकलं होतं का ते?"

"नाही. एक अक्षर चुकलं नव्हतं." बाईंनी वही मिटली नाही. "मला राग आला सबीना. वाटलं, मला धमकी देतो. त्याच्यासारखा चिवट पोरगा नाद कसला सोडतोय. मी पुढे लाल शाईनं लिहिलं, खोटं, दुसरं लिहून आण. चिठ्ठी दिली नाही. वही बघून तो ती माझ्याकडेच टाकून गेला. बुधवारी मुलाखत होती. मंगळवारी तो शेवंडांच्या बोटीवर चढला."

किसणीचा आवाज बंद झाला. कोंबडी किसाला चोच मारायला आली तरी सबीनानं तिला हाकललं नाही. बाईंनी पिशवीतून पेन काढलं, 'खोटं' या शब्दावर काट मारली आणि शेजारी 'बरोबर' लिहिलं.

"झालं तपासून?" सबीनानं विचारलं.

"झालं."

"बरोबर आहे म्हणालीस, चांगलं केलंस. आज तो आला तर सांगीन." तिनं ओल्या हातांनी तोंड पुसलं. "पण माझ्याशी तो इंग्रजीत बोलला तर? मला ते दहावं शिकव."

"सबीना, नको गं."

"माझ्या पोराचं शेवटचं बोलणं आहे. शिकव म्हणते ना."

बाईंनी वाक्य म्हटलं. सबीनानं मागून म्हटलं. शब्द मोडले, मागचे पुढे झाले. आजवर शेकडो विद्यार्थ्यांत बाईंनी अशी एकही चूक सोडली नव्हती. आज त्यांनी दुरुस्त केलं नाही. सबीना त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, आणि बाईंना ते वाक्य पुन्हा म्हणावं लागत होतं, पुन्हा म्हणावं लागत होतं. आणि दर खेपेला आपणच त्या पोराला नाही म्हणतोय हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकावं लागत होतं.