आठ दिवस, एकच पान

आईच्या पोटातली गाठ लगेच काढा, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याला आठ दिवस झाले होते. "पुढच्या शुक्रवारपर्यंत होकार कळवा, उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही," इतकं स्वच्छ बोलले होते ते. आज गुरुवार उजाडला, तरी आमचा दादा देवाच्या होकारासाठी अडून बसला होता.

रोज सकाळी तो प्रार्थना करायचा, आईचं जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, टेबलावर उभं धरून सोडून द्यायचा आणि उघडेल त्या पानावर डोळे मिटून बोट ठेवायचा. रोज तेच स्तोत्र, परमेश्वराची वाट पाहण्याबद्दलचं तेच वचन.

"आठ दिवसांत आठ वेळा! याला योगायोग म्हणतेस?"

"दादा, मी वीस वर्षं पुस्तकं बांधतेय. त्या पानापाशी शिलाई तुटलीय. कसंही टाकलंस तरी तिथेच उघडणार."

"म्हणजे देव तुटलेल्या शिलाईतून बोलू शकत नाही?"

माझं डोकंच फिरलं. प्रार्थना मीही करते, म्हणून तर जास्त संताप येत होता.

"आईवडिलांना मान द्या, हे लहानपणी पाठ केलंस ना? ते कळायला बोट कशाला ठेवायला लागतं?"

"तू विश्वासात थंडावलीस," तो शांतपणे म्हणाला. त्या शांतपणाने तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमचा आवाज ऐकून आई भिंत धरत बाहेर आली. खुर्चीत टेकून तिने शास्त्र मांडीवर घेतलं.

"ही शिलाई माझ्यामुळे तुटली. छातीत दुखत होतं तेव्हा तुमचे बाबा हेच वचन धरून तीन आठवडे घरी बसले. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणायचे, वाट पाहायला सांगितलंय. त्यांच्या विश्वासापुढे मी कशाला बोलू, म्हणून गप्प बसले. तेव्हापासून रोज हे पान काढून देवाशी भांडते."

बाबा अचानक गेले, एवढंच आम्हाला माहीत होतं. दादाचा चेहरा उतरला.

"मग... देव काय म्हणाला?"

"ते मला अजून नीट कळलेलं नाही. पण मला मरायचं नाहीये रे, एवढं कळतं. आठ दिवसांत देवाला आठदा विचारलंस. मला एकदा तरी विचारायचंस."

दादा डॉक्टरांना फोन लावायला उठला. मी जागची हलले नाही. मीही तिला विचारलं नव्हतं.