लोरेनबाईंच्या केसांनी मला कामाला लावलं

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात, डॉक्टर मोरेश्वरांच्या केसरोपणाच्या दवाखान्यात माझं आयुष्य गेलं. डोक्याच्या मागून त्वचेची बारीक पट्टी काढायची, खरं तर माझ्याखाली धरून चिरून एकेक मूळ सुटं करायचं आणि केस गेलेल्या जागी लावायचं, असं ते काम.

मुळं सुटी करायच्या कांचनकाकू. बाई नागपूरच्या, बोलायला फटकळ, हाताला चपळ. सरळ केसांची मुळं सरळच असतात. त्यामुळे मला बाजूला सारून त्या नुसत्या भिंगाच्या चष्म्यावर भराभर उरकायच्या. "माझा हात बसलाय, सर!" मी आपला कापडाखाली पडून. वाईट वाटायचं हो, खोटं कशाला बोलू?

२००५ साली लोरेनबाई आल्या. आफ्रिकन-अमेरिकन, डेट्रॉइटला शाळेची बस चालवायच्या. वर्षानुवर्षं घट्ट वेण्या घालून कपाळालगतचे केस कायमचे गेले होते. चारचौघांत डोक्याचा रुमाल सुटत नव्हता. डोक्याच्या मागे काढण्याजोगे केस मोजकेच, आणि वाया गेलेलं मूळ काही पुन्हा उगवत नाही.

डॉक्टरांनी आधी चाचणीपुरता छोटा तुकडा काढला. काकूंनी सवयीनं, वर दिसणाऱ्या केसाच्या दिशेनं पातं चालवलं. डॉक्टरांनी ती मुळं माझ्याखाली धरली. अरे देवा! वीसपैकी नऊ मधोमध कापलेली. या कुरळ्या केसांचं मूळ कातडीच्या आतही कमानीसारखं वळतं, ते चष्म्यातून नीट दिसलंच नव्हतं.

"आज इथेच स्टॉप करू," डॉक्टर म्हणाले. काकूंनी पातं खाली ठेवलं. आणि त्या स्वतः लोरेनबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चूक माझी. मी घाई केली. तुमची नऊ मुळं गेली."

लोरेनबाईंनी डोक्याचा रुमाल पुन्हा बांधला. मग म्हणाल्या, "हनी, माझी आई माझा भांग पाडायला अख्खी दुपार घ्यायची. तू किती वेळ घेशील?"

"लागेल तेवढा."

पुढच्या खेपेला काकूंनी मला जवळ ओढलं. एकेका मुळाचं वळण बघत पातं फिरवलं. मान अवघडली, डबा तसाच राहिला. "काय लाडाचं वळण आहे गं बाई तुझं!" असं त्या चक्क मुळांशी बोलत होत्या. माझा तर ऊर भरून आला.

वर्षभरानं लोरेनबाई रुमालाशिवाय आल्या. काकू उठल्या आणि हात मागे घेऊन लांबूनच बघत राहिल्या.

"केसांना परक्यानं हात लावलेला मला खपत नाही," लोरेनबाई म्हणाल्या. मग त्यांनी डोकं पुढे झुकवलं. "तू लाव."

काकू ढसाढसा रडल्या. माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसत जा, एवढं तर मागतोच. पण कुणी विश्वासानं आपलं डोकं तुमच्या हाती दिलं, तर आधी नीट बघा, मगच हात चालवा.